लघवीच्या पिशवीचा कॅन्सर, ऑक्सिडेटिव्ह स्ट्रेस आणि अँटिऑक्सिडंटच्या गोळ्या

जाईजुई
नमस्कार मंडळी. थोडं लांबण लागेल, पण पार्श्वभूमी सांगितल्याशिवाय प्रश्न कळणार नाही.

सासरे ६८ वर्षांचे. विडीची जुनी सवय, आता 'फक्त जेवणानंतर' असं त्यांचं म्हणणं. मध्यंतरी लघवीतून रक्त गेलं. दुखत काहीच नव्हतं, म्हणून उन्हाळी लागली असेल असं समजून घरात सब्जा आणि धणे-जिऱ्याचं पाणी सुरू झालं. रक्त आपोआप थांबलं आणि विषय मागे पडला. पुन्हा गेलं तेव्हा सोनोग्राफी केली, त्यात पिशवीत गाठ दिसली. दुर्बिणीतून काढली. रिपोर्ट हाय ग्रेड, टी-वन, म्हणजे अस्तराखालच्या थरात शिरलेली पण स्नायूपर्यंत न पोचलेली. काही आठवड्यांनी परत दुर्बीण घालून खात्री केली, शिल्लक काही नाही. आता दर आठवड्याला एक असे बीसीजीचे (तीच क्षयाची लस) सहा डोस पिशवीत सोडणार आहेत.

दरम्यान नणंदेच्या यजमानांनी एक खोकं आणून दिलंय. त्यात व्हिटॅमिन ई ४००, सेलेनियम, ग्लुटाथायोन आणि ग्रीन टीच्या अर्काच्या कॅप्सुला आहेत. म्हणे, 'कॅन्सर होतो तोच ऑक्सिडेटिव्ह स्ट्रेसमुळे, तो कमी केला की परत येत नाही.' किंमत ऐकून मला घेरी आली ते सोडा. पण यात तथ्य किती? उपाय नाही तर अपाय तरी नाही ना? घरात सगळ्यांचं हेच चाललंय, 'व्हिटॅमिनच तर आहेत, दिली तर काय बिघडलं?'

शंकासुर
ऑक्सिडेटिव्ह स्ट्रेस, डिटॉक्स, इम्युनिटी बूस्टर हे एकाच माळेतले मणी आहेत. खोकं साभार परत.

(पॉपकॉर्न घेऊन बसलोय.)

पेशीवाला
शंकासुर, खोकं परत करण्याबाबत एकमत. पण ऑक्सिडेटिव्ह स्ट्रेस ही भानगड खरी आहे आणि या कॅन्सरशी तिचा संबंधही खरा आहे. घोळ पुढच्या वाक्यात होतो. मी डॉक्टर नाही, जीवरसायनशास्त्र शिकवतो, त्यामुळे औषधांचा निर्णय तुमच्या युरॉलॉजिस्टचाच.

आपण श्वासातून घेतलेल्या ऑक्सिजनपैकी थोडा भाग पेशीत अर्धवट वापरला जातो. त्यातून सुपरऑक्साइड, हायड्रोजन पेरॉक्साइड, हायड्रॉक्सिल असे आगाऊ रेणू तयार होतात. त्यांना आवरायला पेशीकडे स्वतःची फौज असते. सुपरऑक्साइड डिसम्युटेज आणि कॅटालेज ही विकरं, ग्लुटाथायोन, आणि या सगळ्यांना हुकूम सोडणारं एनआरएफ-२ नावाचं प्रथिन. आगाऊ रेणू जास्त आणि फौज कमी, असा तोल गेला की त्याला ऑक्सिडेटिव्ह स्ट्रेस म्हणतात.

याने डीएनएचं काय होतं ते बघा. डीएनएच्या चार अक्षरांत ग्वानिन सगळ्यात लवकर ऑक्सिडाइज होतं. त्याचं ८-ऑक्सोग्वानिन झालं की त्याची जोडी सायटोसिनऐवजी ॲडेनिनशी जमू शकते. पेशीने डीएनएची प्रत काढली की जी-च्या जागी टी येऊन बसतो. दुरुस्तीसाठी ओजीजी-१ नावाचं विकर आहे, पण मारा वर्षानुवर्षं चालू राहिला तर काही चुका सुटतात. त्यातली एखादी पी-५३सारख्या राखणदार जनुकात पडली की पुढची वाट मोकळी होते.

आता पिशवीच का? तंबाखूच्या धुरात ॲरोमॅटिक अमाइन्स असतात, २-नॅफ्थिलअमाइन, ४-अमिनोबायफेनिल वगैरे. यकृतात त्यांच्यावर प्रक्रिया होते आणि माल किडनीवाटे पिशवीत येतो. तिथे लघवी तासन् तास साठते. आम्लधर्मी लघवीत त्यातले काही पदार्थ पुन्हा घातक रूपात सुटे होतात आणि पिशवीच्या अस्तराला जाऊन चिकटतात. थेट डीएनएला चिकटणं हा त्यांचा मुख्य उद्योग, आणि जोडीला आगाऊ रेणूंची पैदास. म्हणून तर धूर जातो फुप्फुसात पण या कॅन्सरच्या जवळपास निम्म्या रुग्णांमागे तंबाखूच निघते.

ही ओळख जुनी आहे. १८९५ साली फ्रँकफुर्टचे सर्जन लुडविग रेन यांनी फुक्सिन हा रंग बनवणाऱ्या कारखान्यातल्या कामगारांत पिशवीच्या गाठी दाखवल्या. १९३८ मध्ये विल्हेल्म ह्यूपर यांनी अमेरिकेत २-नॅफ्थिलअमाइन खाऊ घालून कुत्र्यांत हाच कॅन्सर घडवून दाखवला.

माणसामाणसांत फरकही असतो. ग्लुटाथायोन वापरून विषारी पदार्थ निकामी करणारं जीएसटीएम-१ हे जनुक काहींच्यात नसतंच. युरोपीय वंशाच्या लोकांत तर निम्म्यांत नसतं. अशांना धोका साधारण दीडपट. एनएटी-२ नावाचं विकर ज्यांच्यात मंद चालतं आणि वर जे सिगारेट ओढतात, त्यांनाही धोका वाढतो. 'अमका ऐंशी वर्षं विड्या ओढत होता, त्याला काही झालं नाही' याचं उत्तर काही अंशी इथे आहे.

शंकासुर
ठीक, शब्द मागे. पण मग खोकंवाल्याचं बरोबरच निघालं की. स्ट्रेसने कॅन्सर होतो, तर स्ट्रेस कमी करा!

गुहागरकर
अवांतर होईल, पण विषयाला धरून आहे. आमच्या रत्नागिरी जिल्ह्यातलं गिमवी हे गाव जगभरच्या परजीवीशास्त्राच्या पुस्तकांत आहे, हे किती जणांना ठाऊक आहे? १९५२ मध्ये गाडगीळ आणि शाह यांनी तिथल्या लोकांत लघवीतून रक्त जाण्यामागे शिस्टोसोमा हा किडा असल्याचं नोंदवलं. भारतात स्थानिक लागणीचं असं उदाहरण दुर्मीळच. गोड्या पाण्यातल्या एका चिमुकल्या गोगलगायीतून तो पसरतो. आमच्याकडे जुनी माणसं लाल लघवी म्हणजे उष्णता असंच धरून चालायची.

याच किड्याने इजिप्तमध्ये पिशवीच्या कॅन्सरचा कहर केला होता असं वाचलंय. त्यातही हाच ऑक्सिजनचा प्रकार का?

पेशीवाला
गुहागरकर, अवांतर अजिबात नाही, तुम्ही नेमकं बोट ठेवलंत. किड्याची अंडी पिशवीच्या भिंतीत अडकतात आणि शरीर त्यांच्यावर वर्षानुवर्षं तुटून पडतं. पांढऱ्या पेशींचं हत्यार म्हणजे हेच आगाऊ रेणू, ऑक्सिजनचे आणि नायट्रोजनचेही. अंडं मरो न मरो, शेजारच्या अस्तराच्या डीएनएला रोज चटके बसतात. नाईलच्या खोऱ्यात एके काळी पुरुषांत हा पहिल्या क्रमांकाचा कॅन्सर होता, आणि तोही आपल्याकडे नेहमी दिसतो त्या प्रकारचा नाही, तर स्क्वॅमस, म्हणजे चपट्या पेशींचा. या किड्यावरच्या प्राझिक्वांटेलच्या गोळ्या गावोगाव पोचल्यावर तो प्रकार कमी होत गेला. सिगारेटवाला प्रकार मात्र तिथेही वाढला.

तिसरी वाट आर्सेनिकची, म्हणजे आपला सोमल. चिलीमधल्या अँटोफगास्ता शहराला १९५८ पासून एका नव्या नदीचं पाणी मिळू लागलं. त्यात आर्सेनिक लिटरमागे ८०० मायक्रोग्रॅमच्याही वर होतं. जागतिक आरोग्य संघटनेची आजची मर्यादा आहे १०. शुद्धीकरण केंद्र आलं १९७० मध्ये. बारा वर्षांचा तो काळ संपून दशकं लोटली, तरी तिथे पिशवीच्या कॅन्सरने होणारे मृत्यू चढेच राहिले. आर्सेनिक डीएनएवर थेट घाव फारसा घालत नाही. ते ऑक्सिडेटिव्ह स्ट्रेस वाढवतं आणि वर दुरुस्तीच्या यंत्रणेचा गळा धरतं.

(म्हणूनच, जाईजुई, कोणी भस्मं सुचवली तर त्यात सोमल, हरताळ काय आहे ते आधी विचारा.)

शंकासुर, तुमच्या प्रश्नाकडे येतो, रात्री लिहितो. तास आहे.

सुगरण_सई
म्हणजे आता आवळा, कोकम, हळदीचं दूध सगळं बंद करायचं का? कॅन्सरच्या पेशंटला आपल्याकडे हमखास हेच देतात. आवळ्याला नावं ठेवलेली मी ऐकून घेणार नाही हं!

पेशीवाला
सई, आवळा खुशाल खा. चर्चा ताटातल्या अन्नाची नाही, डब्यातल्या गोळ्यांची आहे. एका कॅप्सुलीतलं ४०० युनिट व्हिटॅमिन ई जेवणातून मिळवायचं तर वाट्यावाट्यांनी तेल प्यावं लागेल.

आता मुख्य मुद्दा. कॅन्सर होण्याआधी ऑक्सिडेटिव्ह स्ट्रेस शत्रूच्या बाजूने असतो. कॅन्सर झाल्यावर त्याचं पारडं बदलतं. कॅन्सरच्या पेशी भरमसाट वेगाने वाढतात, त्यामुळे त्यांच्यात आगाऊ रेणू कायम जास्तच असतात, काठोकाठ भरलेल्या घागरीसारखे. वरून आणखी थोडे ओतले की पेशी मरते. आपल्या बऱ्याच उपचारांचा भर या ओतण्यावरच आहे.

मायटोमायसिनचं उदाहरण घ्या, ते जांभळट निळं औषध, हेही पिशवीतच सोडतात. रसायनदृष्ट्या ते क्विनोन आहे. पेशीत गेल्यावर त्याला इलेक्ट्रॉन मिळतो, मग ते एकीकडे डीएनएचे दोन धागे एकमेकांना जखडून टाकतं आणि दुसरीकडे तोच इलेक्ट्रॉन ऑक्सिजनच्या गळ्यात मारून सुपरऑक्साइड तयार करत राहतं. सिसप्लॅटिन या केमोच्या औषधाचंही मुख्य काम डीएनए जखडणं, जोडीला ऑक्सिडेटिव्ह स्ट्रेस. आणि सिसप्लॅटिनला दाद न देणाऱ्या पेशी काय करतात? ग्लुटाथायोन वाढवतात. ते औषधातल्या प्लॅटिनमला चिकटतं, आणि तो जोड पेशी बाहेर फेकते. त्यांचं एनआरएफ-२ही अनेकदा चढलेलं असतं. म्हणजे शरीराची संरक्षक फौज गाठीने फितवलेली असते. आता खोक्यावरचं तिसरं नाव परत वाचा: ग्लुटाथायोन. पोटातून घेतलेलं ते गाठीपर्यंत किती पोचेल हा वेगळा प्रश्न, पण विकणाऱ्याच्या दाव्याप्रमाणे पोचत असेल तर ते नकोच आहे.

बीसीजीचंही थोडंफार तेच. मूळ काम रोगप्रतिकारक पेशींना चेतवण्याचं. पण हे क्षीण केलेले क्षयाचे जंतू कॅन्सरच्या पेशींत शिरले की त्या पेशींतच आगाऊ रेणू आणि नायट्रिक ऑक्साइड वाढतं, शिवाय धावून आलेल्या पांढऱ्या पेशी आपला मारा करतात. प्रयोगशाळेत हे रेणू दाबले तर पेशींवरचा बीसीजीचा परिणाम बोथट झालेला दिसला आहे.

शंकासुर
बशीतल्या पेशींवर काहीही सिद्ध होतं. माणसांवरचं बोला. मी थोडी शोधाशोध केली. १९९४ मध्ये अमेरिकेत लॅम यांनी बीसीजीच्याच ६५ रुग्णांवर अभ्यास केला होता. निम्म्यांना ए, बी-६, सी, ई आणि झिंकचे दणकट डोस, निम्म्यांना नेहमीचे. पाच वर्षांत गाठ परत येण्याचं प्रमाण नेहमीच्या डोसवाल्यांत ९१ टक्के, दणकट डोसवाल्यांत ४१ टक्के! हे काय लहान आहे? (मी खोकंवाल्याच्या बाजूचा नाही, पण वकील कोणीतरी व्हायलाच हवं.)

पेशीवाला
वकीलसाहेब, पुरावा खरा आहे, आणि खोकी विकणारे आजही तोच नाचवतात. पण ६५ माणसं म्हणजे फारच थोडी. पुढे बीसीजी घेणाऱ्या ६७० रुग्णांवर तीच तुलना झाली, मेगाडोस विरुद्ध रोजच्या गरजेपुरती मात्रा. २०१० मध्ये निकाल आला, फरक शून्य. त्या चाचणीच्या लेखकांत लॅम स्वतःही होते. ज्याने दावा मांडला त्यानेच तो मोठ्या चाचणीत तपासला आणि छापला, हे मला त्या १९९४च्या आकड्यांपेक्षा भारी वाटतं.

आणि जाईजुईंच्या सासऱ्यांना जवळजवळ मापात बसणारी चाचणी ब्रिटनमध्ये झाली आहे. नाव सेलेनिब. दहा रुग्णालयं, २७० रुग्ण, सगळे स्नायूत न पोचलेल्या कॅन्सरचे. काहींना रोज २०० मायक्रोग्रॅम सेलेनियम, काहींना २०० युनिट व्हिटॅमिन ई, काहींना दोन्ही, काहींना नुसत्या दिखाऊ गोळ्या. निकाल २०२३ मध्ये छापून आला. सेलेनियमचा उपयोग दिसला नाही. व्हिटॅमिन ई घेणाऱ्यांत मात्र गाठ परत येण्याचा धोका सुमारे दीडपट, नेमका आकडा १.४६. खोक्यातला डोस त्याच्या दुप्पट आहे.

चाचणी लहान आहे हे मान्य, पण ती एकटी नाही. फिनलंडमध्ये २९,१३३ सिगारेट ओढणाऱ्या पुरुषांवर बीटा-कॅरोटीन तपासलं, तर फुप्फुसाचा कॅन्सर १८ टक्क्यांनी वाढला. अमेरिकेतल्या सिलेक्ट चाचणीत ३५,५३३ पुरुष होते. तिथे व्हिटॅमिन ई ४०० युनिट घेणाऱ्यांत प्रोस्टेटचा कॅन्सर १७ टक्क्यांनी जास्त निघाला. पुरुषांना दोन्ही अवयव एकाच शेजारात आहेत, हेही घरच्यांना सांगा.

असं का व्हावं? स्वीडनच्या गोटेबर्गमध्ये २०१४ साली उंदरांवर दाखवलं गेलं की व्हिटॅमिन ई आणि एन-ॲसिटिलसिस्टीनने फुप्फुसातल्या गाठी उलट भराभर वाढल्या. आगाऊ रेणू कमी झाले, डीएनएची इजा कमी झाली आणि म्हणून पी-५३ हा राखणदार जागाच झाला नाही. गाठीची पेशीसुद्धा पेशीच आहे, औषध तिलाही लागू पडतं.

जाईजुई
बाप रे. 'काय बिघडलं' याचं उत्तर असं आकड्यांत मिळेल असं वाटलं नव्हतं. एन-ॲसिटिलसिस्टीन म्हणजे कफ पातळ करायची ती पाण्यात फसफसणारी गोळी ना? सासऱ्यांना ती अधूनमधून चालू असते.

किरणोत्सारी
हो, तीच. छातीच्या डॉक्टरांनी दिली असेल तर आपल्या मनाने बंद करू नका, युरॉलॉजिस्टच्या कानावर घाला. गोळ्यांची सगळी पाकिटं पिशवीत घालून घेऊन जा, नावं सांगताना हमखास एखादं राहतं.

मी रेडिएशनच्या विभागात काम करते, आमच्या बाजूचं थोडं. पेशंट ज्याला 'शेक' म्हणतात त्यात किरणांनी पेशीतल्या पाण्याचे तुकडे होतात, त्यातून हायड्रॉक्सिल तयार होतं आणि ते डीएनए तोडतं. जवळ ऑक्सिजन असेल तर ती तोड पक्की होते, नसेल तर पेशी ती सांधून घेते. म्हणून गाठीचा रक्तपुरवठ्यापासून दूरचा, ऑक्सिजन कमी असलेला भाग चिवट निघतो.

ब्रिटनमध्ये याचाच उलटा फायदा घेतला. बीकॉन चाचणीत स्नायूत शिरलेल्या पिशवीच्या कॅन्सरचे ३३३ रुग्ण होते. अर्ध्यांना रेडिएशनच्या वेळी कार्बोजेन हुंगायला दिला, ९८ टक्के ऑक्सिजन आणि २ टक्के कार्बन डायऑक्साइड, शिवाय निकोटिनामाइडच्या गोळ्या. तीन वर्षांनी जिवंत असणारे ५९ टक्के, नुसत्या रेडिएशनवाल्यांत ४६. पिशवी न काढता बरं व्हायची संधी इथे ऑक्सिडेटिव्ह इजा वाढवून मिळाली, कमी करून नाही. आणि बघा, निकोटिनामाइड हेही व्हिटॅमिनच, बी-३. तेव्हा 'व्हिटॅमिन चांगलं की वाईट' हा प्रश्नच बाद. कुठलं, किती, कधी आणि कशाबरोबर ते विचारायचं.

सुगरण_सई
+१. आवळा वाचला, आभारी आहे.

ओंटारियोकर
बीसीजीचा विषय निघाला म्हणून. पिशवीच्या कॅन्सरसाठी बीसीजी पहिल्यांदा वापरली ती इथेच, कॅनडातल्या किंग्स्टनला, अल्वारो मोरालेस यांनी. १९७६ मध्ये त्यांनी नऊ रुग्णांचा अनुभव छापला. आठवड्याला एक असे सहा डोस ही पद्धत तेव्हापासूनची. पुढे टोरांटोतल्या कारखान्यातलं उत्पादन २०१७ मध्ये बंद झालं आणि जगभर टंचाई झाली. त्यानंतर कॅनडात पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटची बीसीजीही वापरात आली. सासरे पुण्याकडचे असतील तर गावची लस गावातच मिळतेय म्हणायचं!

जाईजुई
आज डॉक्टरांकडे खोकं घेऊनच गेलो. त्यांनी एकेक डबी वाचली आणि म्हणाले, 'यातलं काहीही नको. जेवण नीट, पाणी नीट.' मग सासऱ्यांकडे वळून, 'खिशात काय आहे?' खिशात विडीचं बंडल होतं. त्यावर जे झालं ते इथे लिहिण्यासारखं नाही, पण सासूबाई फार खूश आहेत.

बीसीजीनंतर औषध दोन तास पिशवीत धरायचं आणि पुढचे सहा तास लघवीनंतर कमोडमध्ये ब्लीच टाकून पंधरा मिनिटं तसंच ठेवायचं, हे सांगितलंय. बसूनच लघवी करायची, शिंतोडे उडायला नकोत. ताप चढला आणि उतरेना तर लगेच फोन. नणंदेच्या यजमानांना धाग्याची लिंक पाठवली आहे. निळी टिक आली, उत्तर नाही.

शंकासुर
लिंक पाठवलीत? मग मी वकीलपत्र परत घेतो.

निवांत_नाना
वाचनमात्र होतो, पण पहिलाच परिच्छेद वाचून दचकलो. मला मागच्या महिन्यात एकदाच लघवी लाल झाली होती. दुखलं नाही, दुसऱ्या दिवशी साफ. बीट खाल्लं होतं की नाही आठवत नाही. वय ६१, सिगारेट दहा वर्षांपूर्वी सोडली. थांबलंय म्हणजे काळजी नको ना?

किरणोत्सारी
नाना, थांबलं म्हणून सोडू नका. या कॅन्सरमध्ये रक्त असंच येतं आणि जातं, न दुखता. बहुतेकांत कारण साधंच निघतं, खडा, प्रोस्टेट, जंतुसंसर्ग. पण तुमच्या वयात आणि सिगारेटचा इतिहास असताना तपासायलाच हवं. लघवीची तपासणी आणि सोनोग्राफी या आठवड्यातच करा आणि रिपोर्ट घेऊन युरॉलॉजिस्टकडे जा. सोनोग्राफी साफ आली तरी ते दुर्बीण घालून बघूया म्हणतील. बारीक किंवा चपट्या गाठी सोनोग्राफीत निसटतात, म्हणून. बधिर करणारी जेली लावून होते, काही मिनिटांचं काम आहे, त्याच दिवशी घरी.